वरचे दोनशे

म्हसवडच्या पेठेत घोंगड्यांचं दुकान, आणि दुकानात कार्डाचं मशीन! चंद्राबाईंनी ते नवऱ्याला, नाथाजींना, न विचारता आणलं होतं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दुकानातलं आपल्या मनानं ठरवलेलं हे पहिलंच. बाई अशा तोऱ्यात होत्या, की गिऱ्हाईक नसलं तरी मशीनवरची धूळ पुसत बसायच्या. कार्डावर पहिलं घोंगडं विकलं गेलं तेव्हा तर त्यांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी बँकेत पैसे जमा झाले, ते तीन हजारांना सत्तर रुपये कमी.

नाथाजींचा पारा चढला. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. लांडगा त्यांना ठाऊक होता, पण न दिसता खाणारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. चंद्राबाईंनी तिथल्या तिथं मशीनवाल्याला फोन लावला.

"मावशी, ते क्रेडिट कार्ड होतं," तो म्हणाला. "शंभराला दोन रुपये जातात. थोडे गिऱ्हाइकाच्या बँकेला, थोडे कार्ड कंपनीला, थोडे आम्हाला. आणि जे कापलं त्यावर टॅक्स. डेबिट कार्डाला कमी जातात."

"मेंढरं आपली, लोकर आपली, आन वाटंकरी तिघं?" नाथाजी गरजले. "उद्याच्या उद्या ते मशीन परत जायला पायजे!"

चंद्राबाईंचं तोंड एवढंसं झालं. पेढे तर वाटून बसलेल्या, आता पेठेत तोंड कसं दाखवायचं? त्यांना रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सुट्टीवर आलेला फौजी जयराज दुकानात शिरला. बत्तीसशेचं घोंगडं त्यानं खांद्यावर टाकून पाहिलं, खिशातून नोटा काढून मोजायला घेतल्या, आणि तीन हजारांवर त्याचा हात थांबला.

"आवं नाथाजीमामा, वरचे दोनशे सोडा की!"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," नाथाजी लगेच विरघळले. इकडं घोंगडं असंच विकतात. वरचे सोडल्याशिवाय सौदा पुरा झाला असं कुणाला वाटतच नाही.

जयराज गेला आणि वाईच्या एक शिक्षिका आल्या. घोंगडं तसलंच, किंमतही तीच. बाईंनी कार्ड टेकवलं, मशीन वाजलं, कागद बाहेर आला, आणि घोंगडं पिशवीत घालून त्या गेल्यासुद्धा.

चंद्राबाई थक्क होऊन बघत राहिल्या. 'सोडा की' कुठं गेलं? बाईंनी म्हटलंच नाही! मोजता मोजता हात थांबायला हातात नोटा नकोत का? आणि मशीनला मामा कोण म्हणणार? त्यांनी बोटांवर हिशेब केला, परत एकदा केला, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की पदर तोंडात कोंबूनही आवरेना.

"काय झालं गं?" नाथाजी घाबरले.

"आवं, ती तिघं मिळून पाऊनशे खात्यात," चंद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आन तुमी एकटं दोनशे!"

दिवाळीपासून आपण किती जणांचं मामापण केलं, ते नाथाजींना एकेक आठवू लागलं. मग हळूच म्हणाले, "तर मग परत कुनाला धाडायचं म्हनतीस?"

"तुमाला परत घेनारं हाय का कोन?" चंद्राबाईंचं हसू पुन्हा उसळलं. "उठा तिथनं. आता गल्ल्यावर मी बसनार."