एक्केचाळिसावी प्रत

त्या पत्राचं उत्तर बाबांनी अकरा वर्षं दिलं नव्हतं. पत्र तसं चार ओळींचंच होतं आणि त्याच्यासोबत खाकी कागदात गुंडाळलेली एक शंभरपानी वही होती. पाठवणारा त्यांचा छापखान्यातला दोस्त. बाबा तिथे मुद्रितं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासायचे आणि हा अक्षरांचे खिळे जुळवायचा. हातात सदा चिमटा आणि बोलणंही चिमटे काढणारं, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणत. त्यानं बाबांचं नाव वाळवी ठेवलं होतं, कारण कागद दिसला की ते त्यावर तुटून पडत.

चिमट्यानं लिहिलं होतं, 'जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली. आता छापखान्यातल्या गमती स्वतः लिहून काढल्यात. नक्कल ठेवलेली नाही, एवढी एकच वही आहे. वाचून खरं काय ते सांग. तू हो म्हणालास तरच छापीन.'

बाबांनी वही एका दुपारी वाचून संपवली, पोट धरधरून हसले. उत्तर त्याच संध्याकाळी जायचं, पण नुसतं 'छान आहे' लिहिणं त्यांना वहीचा अपमान वाटला. म्हणून त्यांनी खर्डा केला. तो पुस्तकी वाटला. दुसरा शाळामास्तरी वाटला. मग महिना उलटला आणि आधी उशिराचं कारण लिहिणं आलं. मग वर्ष उलटलं आणि तोंड दाखवायला जागा उरली नाही. वही कपाटात गेली ती गेलीच. कपाट उघडताना बाबा त्या खणाकडे बघायचं टाळत.

यंदा लेकीनं त्यांना सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि समोरच्याला न दुखवता समजावण्याची तिला सवय होती. लिहायचं कुठे, फोटो टाकायचा कसा, दुसऱ्याचं आवडलं तर पुढे कसं पाठवायचं, सगळं तिनं दाखवलं. लिहिलेलं कोण बघणार, तेही तिथे ठरवता येतं, ती म्हणाली. त्यासाठी तीन चित्रं होती, पृथ्वीचा गोल, दोन डोकी आणि कुलूप. बाबांनी मान डोलावली. कळलं नाही असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी खात्यानं त्यांना विचारलं, यांना ओळखता का? फोटोत चिमटा. दाढी पांढरी झालेली, डोळे तेच. बाबांनी घाबरून फोन पालथा ठेवला. संध्याकाळी चिमट्यानंच मैत्रीची विनंती पाठवली आणि ती नाकारायचं धाडस काही त्यांना झालं नाही. त्यानंतर चिमटा रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकी आणि बाबा रोज त्याला अंगठा देत. अकरा वर्षांच्या उत्तराऐवजी अंगठा! त्यांची त्यांनाच लाज वाटे.

शेवटी त्यांनी ठरवलं, उत्तर इथेच लिहायचं, मनासारखं होईपर्यंत दुरुस्त करायचं आणि मगच चिमट्याला पाठवायचं. चित्र निवडायची वेळ आली. गोल म्हणजे सगळं जग, तो नको. कुलूप लावलं आणि पुन्हा आपल्यालाच उघडलं नाही तर? दोन डोकी मात्र त्यांना बघताक्षणी कळली. छापखान्यात मुद्रितं दोघं मिळून तपासत, एकजण मूळ मजकूर मोठ्यानं वाचे, दुसरा चुका टिपे. म्हणजे दोन डोकी हे मजकूर अजून तपासणीत असल्याचं चित्र. त्यांनी निर्धास्तपणे ते दाबलं.

आधी तीनच शब्द लिहिले, 'वही वाचली. छाप.' मग 'बदल करा' हे बटण सापडलं आणि बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. तीन आठवडे चहा झाला की चष्मा लावून ते बसत आणि एखादा शब्द घालत, एखादा काढत. वरच्या घंटीच्या चित्रावर लाल आकडा वाढत होता. जाहिराती असतील म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

एका संध्याकाळी लेक दवाखान्यातून आली ती बूट न काढताच त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, चाळीस वेळा?"

"काय चाळीस वेळा?"

"तुमचं ते पत्र. परवा वही 'अप्रतिम' होती, काल 'उत्तम' झाली, आज 'बरी' झालीय. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, उद्या बहुतेक परत करणार."

दोन डोकी म्हणजे खात्यावरची सगळी मित्रमंडळी, तिनं सांगितलं. सव्वाशे माणसं. शिवाय बदल केले तरी जुन्या प्रती जात नाहीत, एका ठिकाणी दाबलं की पहिलीपासून सगळ्या दिसतात. छापखान्यात दुरुस्त झालेली मुद्रितं रद्दीत जात, आणि इथे एकही कागद कुणी टाकला नव्हता. खातं आत्ताच्या आत्ता बंद कर, ते म्हणाले. लेकीनं घंटी दाबली.

सगळ्यात वर मेहुणी होती. 'भाऊजी, माझ्या पत्राचं उत्तर कितव्या प्रतीत येणार?' तिच्या खाली चिमटा. बाबांना वाचवेना, म्हणून लेकीनंच वाचून दाखवलं.

'अरे वाळवी, सगळ्या प्रती वाचल्या. अकरा वर्षं समजत होतो, वही तुला आवडली नाही आणि सांगायला लाजतोयस. निम्मं बरोबर निघालं. पहिली प्रत सगळ्यात चांगली. पण सतराव्या प्रतीत "छाप" काढलंस ते परत आलंच नाही. ते का?'

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि पालथा ठेवला.

"मी कोण त्याला छाप म्हणणारा?" ते म्हणाले. "लोक हसले त्याला, तर?"

"गमतींचं पुस्तक आहे ना, बाबा? आणि त्यांनी लोकांना कुठे विचारलंय? तुम्हाला विचारलंय."

बाबा उठले, कपाटातून वही काढली आणि हाताला येईल ते पान उघडलं. मालकाच्या टकलावर उमटलेल्या शाईच्या अंगठ्याची गोष्ट निघाली. अकरा वर्षांपूर्वी जिथे हसले होते तिथेच ते पुन्हा हसले, इतके की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. तसेच ते फोन घेऊन बसले आणि चिमट्याच्या प्रश्नाखाली एका बोटानं लिहू लागले.

'छाप. मुद्रितं मी तपासतो. रविवारी वही घेऊन येतोय.'

लेकीनं चष्मा पुढे केला. "एकदा वाचून घ्या."

"नको," बाबा म्हणाले, आणि बटण दाबलं.