सोजरबाईची परात

"हाना तिले! तिच्यापायी तळं रगत ओकून राह्यलं!"

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातली भर दुपार. तळ्याच्या पाळीवर अख्खं गाव लोटलं होतं, शेजारच्या वांकिडीहूनही बैलगाड्या आल्या होत्या. पाणी खरंच लालभडक होतं, खोटं कशाला बोलू? माझं किराणा दुकान पाळीसमोरच. देवीपुढे फोडायला नारळ धडाधड खपत होते. गावातल्याच धोंडीबानं सोजरबाईचे केस मुठीत धरून तिला फरफटत आणलं होतं. तिचा ओठ फाटला होता.

गुन्हा काय? मागच्या साली सरकारनं पाळ उंच केली. पाणी चढलं, काठची लव्हाळी बुडाली. सोजरबाई त्याच लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायची. पोटावर पाय आला तेव्हा ती भर सभेत ओरडली होती, "माही लव्हाळी बुडवता? तुमचं बी भलं होनार नाही!" यंदा पाणी लाल झालं आणि लोकांना तो शाप आठवला.

नागनाथ भगतानं परीक्षा मांडली. घरोघरच्या पराती तळ्याच्या पाण्यानं भरून उन्हात ठेवल्या. सोजरबाईची तेवढी काळ्या घोंगडीखाली.

"देवीचा पडदा हाय हा! भानामतीवालीचं पानी हिरवं होते!"

मग मंत्र. "अम्मा रा! मैया आ! आई ये!" देवी तीन भाषांत बोलावूनही येईना, अन् मंत्र काही संपेना.

शेवटी घोंगडी उचलली. पाणी हिरवंगार! पहिला धोंडा सोजरबाईच्या कपाळावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"थांबा रे, कसायांनो!" शाळेचे मारोतराव गुरुजी आडवे आले. एक धोंडा त्यांनीही खांद्यावर खाल्ला. "आता भगताची परात घोंगडीखाली ठेवा. सोजरबाईची उन्हात. मंत्र मी म्हणतो."

त्यांनी दोनापासून तिसापर्यंत पाढे म्हटले. घोंगडी उचलली, तर भगताचं पाणी हिरवं! अन् सोजरबाईचं लाल.

"देवीले पाढे बी चालते वाटते," मी ओरडलो.

गुरुजी म्हणाले, "पाण्यात बारीक शेवाळ हाय. कडक उन्हात लाल, अंधारात हिरवं. रंग बदलाले वेळ लागते, म्हनून याचा मंत्र लांब! पाणी चढलं, लव्हाळी बुडून सडली, त्या खतावर शेवाळ माजलं. उद्या समुद्र चढला तर किनाऱ्याची झाडं बी अशीच बुडतील, असं शास्त्रज्ञ सांगतात. तवा कोनत्या बाईचं डोकं फोडान?"

आपल्याला फसवलं म्हणून आता धोंडीबानंच नागनाथाची गचांडी धरली. "ह्याले हाना!" पुन्हा हात धोंड्यांकडे वळले. लाथ बसली, भगताचा दात पडला.

"बस करा!" सोजरबाई कशीबशी उठली. "चटई विनाले दोन हात लागते. माहा एक तुमी मोडला. आता अजून कोनाचा मोडता? द्या त्याले पोलिसात."

धोंडे खाली पडले.

बाबांनो, हात उचलायच्या आधी परात सावलीत ठेवून पाहा, शंका विचारा, थोडा वेळ थांबा. सोजरबाईचं मनगट पुन्हा कधी सरळ बसलं नाही.