मला रिकामी म्हणतात

मित्रांनो, मी एक जुनी बारा बोअरची बंदूक आहे. माझ्या पोटात दोन काडतुसे अडकून होती आणि इंदूरच्या ज्या घरात मी राहते, तिथे हे कोणालाच माहीत नव्हते.

मला घडवणारा कारागीर फार हुशार होता. अशा इतर बंदुकांना टरफल बाहेर पडायला बाजूला खिडकी असते. त्याने ती ठेवलीच नाही. खालचा दांडा मागेपुढे ओढायचा. काडतूस खालून आत जाते आणि दांड्यातल्या नळीत थांबते, बार झाल्यावर टरफलही खालूनच पडते. त्यामुळे धूळ आत शिरत नाही. पण आत काय आहे, हेही दिसत नाही.

माझे पहिले मालक तुकोजी मला शेतावर रानडुकरे हाकलायला नेत. "आडमुठी आहे, मनात आलं तरच ऐकते," असे ते म्हणत. त्यांच्या अखेरच्या पावसाळ्यात त्यांनी भरलेली पुठ्ठ्याची दोन काडतुसे ओलीने फुगली आणि नळीत रुतून बसली. दांडा ओढूनही काही पडेना, तेव्हा त्यांना वाटले, संपली असतील.

त्यांचे चिरंजीव जयसिंगराव यांचे मत अगदी उलटे. "हिनं कधी दगा दिला नाही," हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. माझ्यातून त्यांनी एकदाही बार काढलेला नाही. निवडणुकीत मला ठाण्यात जमा करताना शिपाई विचारतो, "खाली है?", म्हणजे रिकामी आहे ना. ते दांडा दोनदा ओढून दाखवतात. काही पडत नाही. पावती मिळते.

बंदुका दुरुस्त करणारे चिंतामण मिस्त्री एकदा म्हणाले होते, "जयसिंगजी, भोत नखराली चीज आहे ही. नळी उघडल्याशिवाय हिला खाली म्हणू नका."

"भिया, बंदूक आमची की तुमची?" जयसिंगराव हसले आणि मला घेऊन घरी आले.

गेल्या वर्षी आम्ही विजय नगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. इथल्या कपाटात ओल नाही. पुठ्ठा वाळला, आकसला. आता मला कोणी उचलले की दोन्ही काडतुसे सरकतात.

आज खंडेनवमी. मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले. पूजेनंतर चाप ओढून देवापुढे एक कोरडा 'खट्' करायचा, ही या घरची रीत. यंदा तो मान नात पलकचा. ती अकरा वर्षांची आहे.

"आजोबा, पहले नळी उघडून दाखवा ना."

"काही जरूरत नाही. तुझ्या पणजोबांपासून आहे ही."

"पण आत दिसतच नाही!"

जयसिंगरावांनी चिडून दांडा जोरात मागे ओढला. एक काडतूस पाटावर पडले आणि झेंडूच्या फुलांत गडगडत गेले.

मग जयसिंगरावांनी कपाळ पुसले आणि ते चक्क हसले. "बघितलंत? स्वतःच काढून दिलं. म्हणून म्हणतो, दगा देत नाही."

त्यांनी दांडा पुढे ढकलला. दुसरे काडतूस माझ्या गळ्यात, बार उडण्याच्या जागी, चढले.

"घे बेटा, आता तर पक्की खाली."

पलकने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नळी उघडा."

"पलक! आजोबांना असं बोलतात?" तिची आई मधुरिमा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"राहू दे, मीच करतो." जयसिंगरावांनी मला उचलले. माझे तोंड त्या दाराकडे वळले.

मित्रांनो, कोणी माझी कितीही खात्री दिली तरी मला हात लावू नका. नळी उघडून दाखवायला सांगा. उद्धट म्हणाले तरी पुन्हा सांगा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते.

पलक ओरडते आहे. जयसिंगरावांचे बोट चापावर थांबले आहे. अजून त्यांनी ते काढलेले नाही.