असानच्या कुरणातली कबर

ओमात गेला तो गावाची मेंढरं वाचवताना. खिंडीखालच्या गोठ्यात अर्ध्या गावाची मेंढरं अडकली होती आणि वरच्या उतारावर बर्फ भरून आला होता. ओमात घोडा घेऊन गेला, कळप खाली हाकलला, मागं राहिलेली दोन-चार आणायला पुन्हा वर चढला. तेवढ्यात अर्धा डोंगर सुटल्यासारखा बर्फ खाली आला. मेंढरं संध्याकाळपर्यंत आपापल्या दारी पोचली. ओमातला दुसऱ्या दिवशी उकरून काढला.

त्याची बायको तुरसुनाय माझी मैत्रीण. मी शेजारच्या गावची. ती दोघं, मी, माझा नवरा आणि तालुक्याच्या गावात टायरचं दुकान चालवणारा माक्सत, एवढीच आमची मंडळी. दर रविवारी तुरसुनायच्या घरी जमायचो, प्रार्थना करायचो, चहा-भाकरी खाऊन उठायचो. ओमात राजधानीच्या बाजारात हातगाडी ओढायला गेला होता. तिथं आजारी पडला, ज्यांनी त्याची सेवा केली त्यांच्यामुळं त्यानं येशूला धरलं, आणि परत येऊन बायकोलाही सांगितलं. गाव हसलं. "ओमात शहरात गेला नि रशियन होऊन आला!" म्हणून लोक चिडवायचे; आमच्याकडं ख्रिस्ती म्हणजे रशियनच. तो म्हणायचा, "रशियन झालो असतो तर वोदका तरी मिळाली असती. माझी तर होती तीसुद्धा सुटली!" लोक आणखी हसायचे. त्याच्यावर राग धरणं अवघड होतं.

रिवाजाप्रमाणं अंगणात तंबू उभारला, ओमातला त्यात ठेवला. तुरसुनाय आत भिंतीकडं तोंड करून बसली. बायका विलाप गायला येतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. कुणी आलं नाही. आले ते गावातले पांढऱ्या दाढीवाले, आणि ते अंगणातच थांबले.

"ओमात चांगला होता, त्यात वाद नाही," त्यातला सगळ्यात वडील म्हणाला. "पण बापजाद्यांना सोडून गेला. आता त्यांच्याच शेजारी कसा निजणार?"

ओमातचा थोरला भाऊ असान काठीला टेकून उभा होता. तो आमच्यातला नव्हता, शुक्रवारी मशिदीत जाणारा माणूस. तो म्हणाला, "मेंढरं आणायला गेला तेव्हा कुणी नाही विचारलं तू कुणाचा म्हणून."

"मेंढरांचं वेगळं, असान."

"तुमची किती होती हो त्यात, आबा?"

म्हातारा खोकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, आम्ही काय दगड नाही. त्याच्या बायकोनं एवढं म्हणावं, की शेवटी शेवटी तो मनातून परत आला होता. कोण बघायला गेलंय? तेवढं म्हणाली की वाट मोकळी."

निरोप आत घेऊन आली ती ओमातची आई, बूबूश आपा. तुरसुनायच्या समोर खाली बसली, तिचे दोन्ही हात धरले.

"म्हण ना ग, केलिन," ती म्हणाली. सुनेला ती नेहमी अशीच हाक मारायची. "एक शब्द. त्याला त्याच्या बापाशेजारी निजू दे. नाही म्हणू नको मला."

तुरसुनायनं हात काढून घेतले नाहीत. मी तिच्या शेजारी होते. मला वाटलं, ही म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

"आपा, तो खोटं नाही बोलायचा," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या नावानं मी कशी बोलू?"

बूबूश आपानं हात सोडले. उठताना तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "माझा मुलगा बर्फानं नेला," ती म्हणाली, "आणि त्याची कबर तू नेलीस." मग ती बाहेर गेली.

आम्ही ओमातला माक्सतच्या ट्रकमधून तालुक्याच्या गावी नेला. तिथं जुनं रशियन कब्रस्तान आहे. राखणदारानं सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा आमच्याकडचा नाही, मला परवानगी नाही. माणूस भला होता. आम्हाला चहा दिला. ओमात बाहेर ट्रकमध्ये, आणि आम्ही आत चहा पितोय. तुरसुनायनं दोन वाट्या प्यायल्या, तिसरी मागितली. त्या दिवसापासून ती तशी झाली असं मला वाटतं. म्हणजे चहा द्या, पिईल. बसा म्हणा, बसेल.

परत आलो तेव्हा असान वाटेवर उभा होता. ट्रकच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "नदीपलीकडं माझं गवताचं कुरण आहे. तिथं मला कोण विचारणार?"

"असान-आके, गाव तुम्हाला बोलेल," माक्सत म्हणाला. वडीलधाऱ्याला आमच्याकडं आके म्हणतात.

"बोलू दे. गवत काय त्यांची गुरं खातात होय?"

जमीन लोखंडासारखी गोठली होती. माक्सतनं दुकानातले फाटके टायर आणले, असाननं शेणाच्या गोवऱ्या, आणि दिवसभर जाळ करून जमीन मऊ केली. वीतभर खणायचं, पुन्हा जाळ करायचा. कबरीत उतरवला तेव्हा आमचे चेहरे काजळीनं काळे झाले होते. आम्ही चौघांनी गाणं म्हटलं. वारा इतका होता की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. बूबूश आपा आली नाही. विलाप कुणी गायला नाही, आणि आमच्याकडं विलाप नसलेलं मरण म्हणजे दार न लावता सोडलेलं घर.

पुढं तुरसुनाय गाय पिळायची, चूल पेटवायची, भाकरी करायची. भाकरी दोघांची व्हायची, मग एक गाईला घालायची. रडली नाही. गावातलं कुणी तिच्या अंगणात पाऊल टाकत नव्हतं. चाळिसाव्या दिवसाचं जेवण घातलं ते बूबूश आपानं आपल्या घरी, आणि केलिनला बोलावणं नव्हतं. फक्त असान एकदा येऊन गवत टाकून गेला.

आम्ही रविवारी जात राहिलो.

"तुम्ही करा प्रार्थना," ती म्हणायची. "मी चहा टाकते."

एकदा राजधानीहून एक पाहुणे प्रचारक आले. नवा कोट, उबदार आवाज. तिला म्हणाले, "बहिणी, दुःख कशाला? तुमचे पती प्रभूच्या घरी आहेत. आनंद करा!"

तुरसुनायनं त्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही जेवलात का?" तिनं विचारलं.

ते गोंधळले. "नाही... म्हणजे, वाटेत जरासं..."

"मग आधी जेवा."

माक्सतला हसू आवरेना, तो धुराडं बघायचं निमित्त करून बाहेर पळाला. धुराडं खरंच तुंबलं होतं. त्यानं ते काढून साफ केलं, पुन्हा बसवलं, आणि त्या दिवशी त्या घरात सगळ्यात उपयोगाची गोष्ट तेवढीच झाली.

पाहुणे गेल्यावर भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "मी हाक मारते ना, तर पलीकडं कुणी नसतं. पूर्वी असायचं. आता रिकाम्या तंबूत ओरडल्यासारखं वाटतं."

"रागावलीस का त्याच्यावर?"

"राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच येत नाही. पाय बधिर होतो ना बसून बसून, तसं. पाय आहे हे माहीत असतं, पण आपला वाटत नाही."

मी म्हटलं, "मग तू गप्प बस. तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो."

"म्हणा," ती म्हणाली. "पण मोठ्यानं म्हणा. मला ऐकू येऊ दे."

तेव्हापासून ती चहा टाकायला उठायची बंद झाली. दाराशी बसायची, पाठ भिंतीला लावून, आणि आम्ही म्हणायचो. माझा नवरा लाजाळू आहे, तोही मोठ्यानं म्हणायला लागला.

शुभ शुक्रवारी मी शुभवर्तमानातला तो भाग वाचत होते, प्रभूला क्रूसावरून उतरवतात तो. एक श्रीमंत माणूस जाऊन देह मागतो, आणि स्वतःसाठी खोदून ठेवलेल्या कबरीत त्याला ठेवतो. हे आम्ही दर वर्षी वाचतो. मी वाचत पुढं गेले होते.

"थांब," तुरसुनाय म्हणाली. "मागचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"म्हणजे त्याला स्वतःची जागा नव्हती?"

"नव्हती."

"गावाबाहेर मारला, आणि दुसऱ्याच्या जागेत पुरला."

"हो ग."

"हे आधीपासून लिहिलंय यात?"

"आधीपासून."

ती उठली, बादली घेतली आणि गोठ्यात गेली. गाय पिळायची वेळ झाली नव्हती. खिडकीतून मला दिसलं, ती गाईच्या अंगावर कपाळ टेकून नुसती उभी होती. रडत नव्हती. परत आली तेव्हा बादली रिकामीच होती, आणि ती माक्सतला म्हणाली, "असान-आकेला माहीत तरी आहे का, कुरण देऊन त्यानं कुणाचं काम केलं ते?"

"त्याला सांगायला गेलो तर मला फावड्यानं हाणेल," माक्सत म्हणाला.

"हाणू दे. सांग कधीतरी."

मला वाटलं, आता ही सावरली. तसं काही झालं नाही. ईस्टरच्या सकाळी आम्ही "प्रभू उठला आहे" म्हणालो, तिनंही म्हटलं, पण भाकरी वाढावी तसं. नंतर मला हळूच म्हणाली, "मला उठल्यासारखं वाटत नाही. पण तो खाली गेला होता हे पटलं. ओमात आहे तिथपर्यंत गेला होता. पुढचं तुम्ही धरून ठेवा."

बर्फ वितळला, नदी फुगली, मग उतरली. कुरणात गवत आलं. तुरसुनाय अधूनमधून तिकडं जायची, दगड सारखे करायची आणि यायची. मे महिन्यात एकदा मी तिच्याबरोबर होते. पुलापासूनच आवाज ऐकू आला. बाईचा आवाज, उंच जाणारा, तुटणारा, पुन्हा उंच जाणारा. मी ओळखला.

बूबूश आपा कबरीजवळ बसली होती. कशी चालत आली देव जाणे, तिचे गुडघे गेलेले. ती विलाप गात होती. ओमात लहानपणी घोड्यावरून पडला ते, त्याचं लग्न, त्याची हातगाडी, त्याची वोदकेची थट्टासुद्धा. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं ती एकामागून एक काढत होती.

मी मागंच थांबले. तुरसुनाय पुढं गेली, उभी राहिली. म्हातारीनं मान वर केली नाही, पण गाणं थांबवलं.

"आलीस?"

"आले, आपा."

"अजून तेच म्हणणं आहे तुझं?"

"तेच आहे, आपा."

"हट्टी आहेस. तोही तसाच होता." तिनं नाक पुसलं. "रडलीस का त्याच्यासाठी?"

"येतच नाही, आपा."

"एकदाही?"

"नाही."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. मग जमिनीवर हात आपटला. "बस इथं. माझ्या रडण्यात बस."

तुरसुनाय तिला खेटून बसली. आपानं पुन्हा सुरू केलं, अगदी पहिल्यापासून, घोड्यावरून पडला तिथून. मी थोड्या अंतरावर गवतात बसले. ऊन होतं, पण वारा बर्फावरून येत होता. पुष्कळ वेळानं तुरसुनाय मधेच म्हणाली, "आपा, मला थंडी वाजतेय."

ती फेब्रुवारीपासून पातळ स्वेटरवर हिंडत होती. तिला थंडी वाजल्याचं त्या हिवाळ्यात आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

"वाजणारच," आपा म्हणाली, आणि विलाप न थांबवता आपली शाल तिच्याकडं सरकवली.

येताना तिनं सुनेचा हात धरला. पुलावर मला म्हणाली, "तुम्ही लोक रविवारी काय खाता ग? हिची हाडं निघालीत." मग स्वतःच म्हणाली, "मी दही पाठवीन. तुमच्या प्रार्थनेला मी यायची नाही, ते सांगून ठेवते." ती खरंच कधी आली नाही. दही मात्र येतं. गावातल्या दोघी-तिघी आता तुरसुनायच्या अंगणावरून जाताना थांबतात. कब्रस्तानाचा विषय कुणी काढत नाही, आणि आम्हीही नाही.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही नेहमीसारखं मोठ्यानं म्हणत होतो. माझ्या नवऱ्याचं संपलं, तेव्हा दाराकडून आवाज आला.

"प्रभू, मी तुरसुनाय. इथंच आहे."

आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो. पुढं काही येईना. माक्सतला वाटलं संपलं, तो म्हणाला, "आमेन."

"थांब रे," तुरसुनाय म्हणाली, "मला अजून बोलायचंय." पण ती बोलली नाही. बऱ्याच वेळानं तिनंच आमेन म्हटलं.

मी नंतर विचारलं, "आता असतं का ग पलीकडं कुणी?"

"आवाज येत नाही," ती म्हणाली. "पण तंबू रिकामा नाही वाटत. कुणीतरी बसलंय, गप्प, भिंतीला पाठ लावून. मी बसते तसं." मग ती दह्याचं भांडं धुवायला घेऊन गेली, कारण ते संध्याकाळच्या आत आपाकडं परत पोचवायचं होतं.