खळखळती नदी आणि सरांची मिशी

पैज लागली पाथर्डीत, सुहास सरांच्या ओट्यावर. शेजारचे रंगनाथ म्हणाले, "एका तरी पोरानं सवताच्या मनानं लिवलं तर माझी मिशी भर बाजारात काढीन. न्हाईतर तुमची."

कॉलेजात कल्पकता शिकवून दमलेल्या सरांनी 'माझं गाव' लिहायला दिलं. सगळ्यांनी मोबाईलवरून उतरवलं. प्रत्येकाच्या निबंधातल्या गावात खळखळती नदी, अन् तालुक्यात पाण्याचे टँकर फिरत होते.

बाजारादिवशी सर न्हाव्याच्या वस्ताऱ्यापुढं बसले. अर्धी मिशी गेली, तशी गर्दीतून त्यांची विद्यार्थिनी मोनिका म्हणाली, "सर, केस द्या हिकडं, आमच्या नदीत सोडते."

"हे कुठून उतरवलंस?"

"कुठून न्हाई. सुचलं."

रंगनाथांनी घाईनं आपली मिशी झाकली. "पैज लिवण्याची हुती, सर."

"व्हय," म्हणत सरांनी मान मागं टेकली अन् न्हाव्याला म्हणाले, "काढ बाबा उरलेली."