चौथा अर्ज

"अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. भरलात ना?" मेट्रननी मान वर न करता विचारलं.

कोरा फॉर्म हातात घेऊन सिस्टर टेबलासमोर उभ्याच होत्या. मुख्य परिचारिकेच्या परीक्षेला तीनदा बसून त्या तीनदा नापास झाल्या होत्या. सहा वर्षांचे रविवार त्या पुस्तकांपायी गेले. नवरा म्हणायचा, "आता माघार कसली?" लेक म्हणायची, "आई, यंदा नक्की!" त्या मायेचंच ओझं जास्त व्हायचं. खरं म्हणजे ड्यूट्या लावणं, फायली हलवणं, चारजणींना दटावणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. शीर मात्र त्यांना कुणाचीही एका टोचण्यात सापडे. वॉर्ड त्यांना 'एकसुई सिस्टर' म्हणे.

"मॅडम, मी नाही भरत."

"हिंमत हरलात?"

"नाही हो. ती खुर्ची माझी नाही, एवढं उमगलंय."

बोलून झालं तरी पाय निघेना. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"सोमवारी सहा नंबरच्या आजींच्या सलाइनच्या पंपावर मी वेगाचा आकडा दहाच्या जागी शंभर टाकला. धाकट्या सिस्टरनं लगेच पाहिलं म्हणून निभावलं. आजी बऱ्या आहेत. पण मी कुणाला बोलले नाही. हे नवं मशीन मला येतच नाही, मॅडम. चार महिने नुसतं येतंय असं दाखवतेय."

मेट्रननी पेन खाली ठेवलं. "नोंद करावी लागेल."

"करा."

"आणि शिकेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही."

"म्हणूनच आले. मला शिकवा."

मेट्रननी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बसा. मलाही तो धड येत नाही. कुठे बोलू नका."

सिस्टरना एकदम हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली.

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. अर्ज भरला नाही हे ऐकून त्यानं विचारलं, "मग रविवारी काय करणार?"

"झोपणार," त्या म्हणाल्या.

दुपारी मेट्रनच्या सांगण्यावरून सामानाच्या खोलीत धाकट्या सिस्टरनं एक जादा पंप मांडला. वर पाण्याची बाटली, खाली बादली. पोरगी लेकीच्या वयाची, पण शिकवताना कडक.

"घाई नको, ताई. आधी आकडा मोठ्यानं वाचा, मग बटण."

दोनदा पंप कोकलला. तिसऱ्यांदा थेंब शहाण्यासारखे पडू लागले.

"जमलं की! चला, चहा घेऊ."

"तू हो पुढे."

सिस्टरनी चष्मा पुसला, सगळे आकडे शून्यावर आणले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.