मधाच्या रंगाच्या दोन गिटारी

आमच्या मुलीचं, मर्सीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि माझ्या नवऱ्याला, फेबियनला नवी गिटार घ्यायची होती. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट.

त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार मी आमच्या लग्नाआधीपासून पाहत आले होते. मधोमध मधाचा रंग, कडेला काळपट होत गेलेला. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात. आमच्या नंदाखाल गावात त्या मिरवणुकीत पुढे बँड असायचा, बँडच्या पुढे फेबियन, आणि मागून हातगाडीवर बॅटरी आणि स्पीकर. कित्येक नवऱ्या त्या गिटारच्या मागून विहिरीवर गेल्या. मर्सी लहानपणापासून म्हणायची, माझ्या पाण्याला पापाच वाजवणार.

ईस्टरनंतर बँडमधली मुलं सांगू लागली, "अंकल, गिटार सुरात राहत नाही. आता बदला."

गिटारला काहीच झालं नव्हतं. वाडीतली मोटर पाणी संपल्यावर किंचाळायची, केळींच्या पलीकडून मी धावत यायची, आणि फेबियन मोटरशेजारीच निवांत बसलेला असायचा. मी एकदा डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाला, कानात मळ साचलाय. मुलं त्याच्याच हाताखाली तयार झालेली. कान गेले असं तोंडावर कोण म्हणणार? म्हणून सगळा दोष गिटारवर गेला. मीही गप्प राहिले. पण पापडी गावच्या व्याह्यांसमोर, मुलीच्या पाण्याला तो बेसूर वाजला तर गाव तेवढंच लक्षात ठेवील, याची धास्ती मला झोपू देत नव्हती.

बोळिंजला नव्या बिल्डिंगखाली चंद्रहासचं वाद्यांचं दुकान होतं. त्याने जुन्या धर्तीच्या दोन नव्या गिटारी मागवून ठेवल्या होत्या. बँडमध्ये गाणारा, गिटारही वाजवणारा कॉन्रॅड स्कूटरवरून आधीच तिथे पोचला होता. दोन्ही गिटारींचा रंग तोच, घाट तोच. मला तर फरकच दिसेना.

"जुळ्या बहिणी आहेत, आंटी," चंद्रहास मोठ्याने म्हणाला. "पण स्वभाव वेगळे."

"मग स्वभाव आधी बघायला पाहिजे," फेबियन म्हणाला. "क्लेमेंटीनचा बघायचा राहून गेला."

"आणि माझ्या बापाने तुझा," मी म्हटलं. सगळे हसले. फेबियन जरा उशिरा हसला.

चंद्रहासने दोन्ही वाजवून दाखवल्या. पहिलीची मान बारीक होती, आवाज धारदार. दुसरीची मान जाड, आवाज घड्यात तोंड घालून बोलल्यासारखा भरलेला. एवढा फरक मलासुद्धा कळला. फेबियन एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मग म्हणाला, "मी पाठ फिरवून ऐकतो. कॉन्रॅड, तू वाजव."

ही त्याचीच जुनी परीक्षा होती. बँडमध्ये यायला निघालेल्या पोराला तो भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, एक तार छेडायचा, मग पुन्हा तीच छेडायचा आणि विचारायचा, वरच्या सुरातली कोणती? घाबरून काहीतरी ठोकून देणारा घरी जायचा. "तीच आहे," म्हणणारा बँडमध्ये. कॉन्रॅड असाच आत आला होता.

फेबियन काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. कॉन्रॅडने बारीक मानेची गिटार वाजवली. मग खाली ठेवली, क्षणभर थांबला आणि पुन्हा तीच उचलली. तेच सूर वाजवले. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"दुसरी," फेबियन म्हणाला. "दुसरीचा आवाज भरलेला आहे."

कॉन्रॅड नुसता तारांवर हात ठेवून उभा राहिला. मी पर्सची चेन लावत बसले, ती आधीच लागलेली होती. शेवटी चंद्रहास म्हणाला, "वा अंकल, कान तयार आहे."

फेबियन वळला. तिघांच्या तोंडांकडे त्याने पाळीपाळीने पाहिलं. "उद्या सांगतो," एवढं बोलून दुकानाबाहेर पडला.

रिक्षात तो माझ्या डाव्या बाजूला बसला. उजवा, जरा बरा कान माझ्याकडे. त्याला स्वतःला सगळं माहीत आहे, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"दोन्ही वेळा एकच वाजवली ना त्याने?"

मी होकाराची मान हलवली. "तुला ऐकू आलं?"

"दिसलं. कपाटाच्या काचेत." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "तीच आहे म्हटलं असतं तर पास झालो असतो, पण कानांनी नाही, डोळ्यांनी. पोरांना एवढी वर्षं काय शिकवलं मग? आणि मला बघायचं होतं, कोणी बोलतं का ते. तू तरी."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

मग त्याने विचारलं, "खरी चांगली कोणती होती? तू सांग."

मी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, "जाड मानेची. बारीक मानेची कर्कश आहे."

"मी पण जाड मानेचीच घेईन, आजी," रिक्षावाला पुढून म्हणाला.

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, जाड मानेची घ्या."

"घेऊ मग," फेबियन म्हणाला. "कॉन्रॅडच्या हातात भरून दिसेल."

घरी आल्यावर त्याने स्वतःच मर्सीला सांगितलं, माझे कान गेलेत, तुझ्या पाण्याला कॉन्रॅड वाजवेल. ती रडली, त्याने तिला रडू दिलं. कॉन्रॅड दुसऱ्या दिवशी आला आणि दारातच उभा राहिला. फेबियनने त्याला आत ओढलं आणि म्हणाला, "परीक्षा बरोबर घेतलीस."

पाण्याच्या दिवशी बँडच्या पुढे नवी गिटार घेऊन कॉन्रॅड होता. फेबियन आम्हा बायकांच्या रांगेत, माझ्या शेजारून चालला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने माझ्या डोक्यावरची कळशी मागून घेतली. विहिरीपर्यंत तो बँडकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. कुठे सूर हुकला तर माझ्या चेहऱ्यावर त्याला कळणार होतं. म्हणून मी चेहरा हलू दिला नाही. मग दुकानातलं माझं गप्प बसणं आठवलं, आणि जिथे कॉन्रॅड हुकला, तिथे मी तोंड वाकडं केलं.

फेबियनने मान डोलावली. "तिथे तो नेहमीच घाई करतो," तो म्हणाला.